मामलेदाराचा उपास

सरकारच्या लेखी मांजर हे जनावरच नव्हतं. रत्नागिरीच्या जनावरांच्या दवाखान्यात मी रुजू झालो तेव्हा टेबलावर एक जाडजूड नोंदवही होती. तिच्यात गाय, म्हैस, बैल, रेडा, शेळी, कोंबडी, कुत्रा असे रकाने आखलेले होते आणि शेवटी बोटभर रुंदीचा एक रकाना, ‘इतर’. मांजर त्या इतरांत. एकदा एका माकडवाल्याचं माकड आणि एकदा कुणा बड्या साहेबांच्या बंगल्यावरचा पोपट, हेही त्याच रकान्यात गेले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गुरांचा डॉक्टर म्हणजे गुरांचा डॉक्टर. मांजराला डॉक्टर लागतो ही कल्पनाच मला रिकामटेकड्या माणसांची वाटायची आणि खरं सांगू का, आजही पुष्कळशी तशीच वाटते.

या अंकासाठी लिहा म्हणून ज्यांनी गळ घातली ते म्हणाले, जनावरांच्या गमती लिहा, लोकांना आवडतात. गमती! अडलेल्या म्हशीत खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं रेडकू दोन तास फिरवत बसलाय कधी? भोवती सात जण उभे असतात, सातही जण “जरा जपून हां डॉक्टर” म्हणतात आणि शेपूट धरायला म्हणून एकही पुढे येत नाही. त्यात गंमत दिसत असेल त्यांनी ती खुशाल बघावी. पंचवीस-तीस वर्षं नोकरी करून मला जे आठवतं ते म्हशींचं नाही नि बैलांचंही नाही. एका बोक्याचं आहे, आणि लाजेनं आठवतं. ज्यांना हसायचं असेल त्यांनी सरळ पुढचा लेख काढावा.

ऐंशी सालानंतरची ती दोन-चार वर्षं. दवाखाना म्हणजे कौलारू दोन खोल्या, पुढ्यात खोडा. खोडा म्हणजे जनावराला उभं जखडून ठेवायची लोखंडी नळ्यांची चौकट. त्यात मांजर घातलं तर ते चारी बाजूंनी बाहेर. औषधं सगळी गुरांच्या मापाची, सुया अशा की मांजराच्या आरपार जातील. हाताखाली बाळा नावाचा परिचर, लांज्याकडचा, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा आणि माझ्याहून शहाणा, पण ते कळायला मला वेळ लागला.

कॉलेजात मांजर आम्हाला किती शिकवलं? कुत्र्याचा धडा संपला की शेवटी एक वाक्य, मांजराचंही असंच समजावं. तेवढ्या शिदोरीवर मी डॉक्टर. पण ऐट बघाल तर काय! समोर मांजरवाला आला की माझ्या कपाळावर आठी चढायचीच. कारण शेतकरी आपल्या गाईबद्दल खरं सांगतो, खोटं सांगून त्याचंच नुकसान. मांजरवाली माणसं पहिल्या वाक्यापासून खोटं बोलतात. “काऽही खात नाही हो” असं म्हणत जे मांजर टेबलावर ठेवतील ते भोपळ्याएवढं. जुलाब होताहेत म्हणतील आणि काल काय दिलं विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. मग हळूच निघणार, जरासा फणस दिला होता, हौसेनं खातो. फणस! मांजराला!

तर आषाढात एके सकाळी धो-धो पावसात आक्का आल्या. साठी ओलांडलेली बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्या आणि बाळा मिळून आंब्याची लाकडी पेटी उचलून आत घेऊन आले. पेटीच्या फटींतून सगळीकडून पिवळे केस बाहेर आलेले. बाळानं सुंभ सोडलं, आत बघितलं आणि म्हणाला, “सायेब, ह्यो बोका न्हाय, पाडा हाय.”

त्याचं नाव मामलेदार. हे नाव आक्कांच्या भावानं ठेवलेलं. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी त्याला लहानपणीच खच्ची केला होता. असा बोका मांजरींच्या मागे गावभर हिंडत नाही, मारामाऱ्या करत नाही. खातो आणि झोपतो. हा त्या दोन्ही कामांत निष्णात झाला होता. पाठीवर थाप मारली तर बोटाला फासळी लागेना. पोट जमिनीला टेकलेलं. त्यानं होतं काय, ते सांगतो. मांजर दिवसभर स्वतःला चाटून साफ ठेवतं, ती त्याची आंघोळ. एवढं पोट झाल्यावर त्याला मान मागे वळवून शेपटीखाली पोचता येत नाही. तिथं घाण राहते. पावसाळ्यात ती वाळत नाही, कातडी चिघळते आणि माश्या अंडी घालतात. मामलेदाराच्या शेपटीखाली किडे पडले होते. बाळानं त्याचे चारी पाय धरले आणि मी चिमट्यानं एकेक किडा काढत बसलो. बोका केवळ गुरगुरला, चावला नाही. आक्का त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. रामरक्षा म्हणत असाव्यात. मला हसू आलं.

जखम पोटॅशच्या पाण्यानं धुऊन झाल्यावर मी त्यांना सुनावलं. म्हटलं, हे आज निघाले, पंधरा दिवसांनी पुन्हा पडतील. पुढच्या खेपेला आतपर्यंत जातील आणि बोका मरेल. त्याला जगवायचा असेल तर वजनानं उतरवायला हवा. शेजारच्या काजूवाल्याचा ताणकाटा आणवला. बोक्याला गोणपाटात घालून टांगला. गोणपाट वजा जाता साडेनऊ किलो. चार किलोचं मांजर मी धष्टपुष्ट समजतो. घरात किती खातो म्हणून विचारलं तर उत्तर तेच, ठरलेलं. “फार नाय हो. बाकीच्या पाचांयेवढंच.”

म्हणजे घरात सहा मांजरं होती. मी कपाळाला हात लावला.

आक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेल्या. पुढे भावजय वारली, तेव्हापासून भावाचं घर त्याच सांभाळत. भाऊ म्हणजे तात्या. कोर्टात बेलिफ होते. जन्मभर लोकांच्या दारात जप्ती घेऊन गेलेला माणूस, घरात बोलतानाही समोरच्याला नोटीस बजावल्यासारखा बोलायचा. घर तात्यांचं, पेन्शन तात्यांची, खुर्ची तात्यांची. आक्कांचं म्हणायचं तर ती सहा मांजरं. तात्या मला पहिल्याच भेटीत म्हणाले, हिला सांगून उपयोग नाही, मांजरांच्या बाबतीत ही कुणाचं ऐकत नाही. मला हे पटलं. मांजरवाल्या बायकांबद्दल माझं मत तयारच होतं.

मी उपाय सांगितला, तो कागदावर झकास होता. सहा मांजरांना सहा करवंट्या. एकत्र परातीत ओतणं बंद. करवंट्या सहा ठिकाणी ठेवायच्या, माशाचं डोकं नि भात कालवून पाच जणांना पूर्ण, मामलेदाराला निम्मं. तीन आठवडे झाले. पुन्हा ताणकाटा, पुन्हा गोणपाट, पुन्हा साडेनऊ. मी भडकलो. जेवणाच्या वेळी स्वतः जाऊन पडवीत बसलो, आता बघतोच म्हटलं.

मांजर कसं जेवतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं, डिग्री मिळून सात वर्षं झाल्यावर. कुत्रं एका दमात थाळी साफ करतं. मांजर तसं करत नाही. चार घास खातं, निघून जातं, मिशा पुसतं, अर्ध्या तासानं परत येतं. पाचही मांजरं अशी अर्धवट जेवून पांगली आणि मामलेदार आपली करवंटी आटपून दौऱ्यावर निघाला. पडवी, ओटी, चुलीमागं, जिन्याखाली, एकेका करवंटीची तपासणी करत, घाई नाही, गडबड नाही. सगळीकडचा शिल्लक माल जमा.

आणखी एक बघितलं. तात्या जेवायला बसले होते. सुरमईचा चांगला मधला तुकडा त्यांनी पानाच्या कडेला सारला आणि न बघता हात खाली नेला. हात वर आला तेव्हा रिकामा होता. खाली मामलेदार बसलेला. हे त्यांचं रोजचं चालत असणार, हाताला सवयच दिसत होती. मी तात्यांना काही बोललो नाही. माणूस वयानं मोठा, कोर्टातला, माझ्या साहेबांच्या ओळखीचा. आत जाऊन बोललो ते आक्कांना. म्हटलं, तुमच्या घराला शिस्त नाही. त्यांनी मान खाली घातली. भावानं काय केलं ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि शिव्या खाल्ल्या त्यांनी.

मग म्हटलं, जेवणाच्या वेळी मामलेदाराला खोलीत कोंडा. तेही जमेना. आमच्याकडची जुनी कौलारू घरं ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक असेल, आतल्या भिंती छपरापर्यंत जातच नाहीत. पुरुषभर उंचीवर भिंत संपते, वर मोकळं. वारा खेळावा म्हणून केलेलं. दार लावून घेतलं तरी बाकीची पाच मांजरं भिंतीवरून आत यायची, मामलेदाराचं निम्मं खाऊन परत जायची, आणि तो खाली बसून बोंबलायचा. मग आक्का दार उघडायच्या.

मला त्या भिंतीचा संताप आला. आता स्वतःचाच येतो. अहो, औषध त्या भिंतीवरच होतं! पाच मांजरांचं खाणं भिंतीवर ठेवलं असतं तर साडेनऊ किलोचा बोका जन्मात वर पोचला नसता. त्याचं तेवढं खाली, मोजकं, आणि दर आठवड्याला त्यातला एक घास कमी. सहा-आठ महिन्यांत उतरला असता, तोही कुणाला उपाशी न ठेवता. पुढे दुसऱ्या गावांत तीन-चार घरी मी हेच करायला सांगितलं आणि ते बोके उतरले. एक तर इतका उतरला की शेवटी आपणच भिंतीवर चढून जेवायला लागला, मग त्याला वेगळी शिस्त लावावी लागली. पण हे शहाणपण पुढचं. त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच की ही बाई माझं ऐकत नाही आणि हा बोका मला हरवतोय.

श्रावण आला. श्रावणात त्या घरात मासे बंद. सुक्या मासळीचा डबासुद्धा स्वयंपाकघरात चालत नाही, तो उचलून विहिरीजवळच्या न्हाणीत फळीवर ठेवायचा. ते बघून मला युक्ती सुचली आणि मी अगदी खूश झालो. म्हटलं, सगळं घर श्रावण पाळतंय, बोक्यालाही घडू दे की! न्हाणीला भिंती चारी बाजूंनी पत्र्यापर्यंत होत्या, दाराला कडी होती. नागपंचमीला त्याला तिथं कोंडायचा आणि नारळी पौर्णिमेला सोडायचा. दहा दिवस. प्यायला पाणी, बाकी काही नाही. अंगावर एवढी चरबी आहे, ती काय शोभेला आहे का? ती जाळेल आणि जगेल. बैल पोटफुगीतून उठला की चार दिवस वैरण तोडतो आम्ही, काही मरत नाही.

बाळा म्हणाला, सायेब, धा दिवस लय होतात. मी त्याला म्हटलं, तू डॉक्टर की मी?

आक्कांनी एकच विचारलं. रोज चमचाभर भात दिला तर चालेल का? त्यांच्या घरात रीत होती, मुक्या जनावराच्या पुढ्यात काही पडल्याशिवाय माणसानं पानावर बसायचं नाही. मी खेकसलो. म्हटलं, हीच तुमची रीत त्याच्या जिवावर उठलीय, भाताचं एक शीत जरी गेलं तर पुन्हा माझ्या दारात येऊ नका. तात्या खुर्चीतून म्हणाले, बरोबर आहे डॉक्टरांचं. आणि आक्का ‘बरं’ म्हणाल्या.

चौथ्या दिवशी मी गेलो. मामलेदार दोन दिवस ओरडून आता गप्प झाला होता. कोपऱ्यात बसून होता, मी आत गेलो तरी उठला नाही. टांगून बघितला तर नऊ किलोच्या आत. मी विजयी मुद्रेनं ताणकाटा तात्यांना दाखवला. म्हटलं, बघा, शहाणा झाला, आता मागतसुद्धा नाही. ज्या जनावराची भूक मरते ते मागत नाही. हे म्हशीच्या बाबतीत मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. म्हशीनं रवंथ थांबवला म्हटलं की मी पायात चपला न घालता धावलो असतो. पण हे मांजर होतं ना! रकाना इतर.

आक्का दारात उभ्या होत्या. त्या मला नेहमीपेक्षा वाळलेल्या दिसल्या. त्या दिवसांत त्या स्वतः काय जेवत होत्या, हे विचारायचं मला सुचलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी तात्या स्वतः दवाखान्यात आले, छत्री आपटतच. बोका ओकतोय म्हणाले. वर म्हणाले, काल न्हाणीतून भाजल्या बांगड्याचा वास येत होता, श्रावणात, माझ्या घरात! मी सायकल काढली.

न्हाणीत पाऊल टाकलं आणि मला दिसलं ते असं. मामलेदार आडवा पडलेला. कानाच्या आतली कातडी, जी गुलाबी असायला हवी ती, हळदीसारखी पिवळी. तोंड उघडून बघितलं, हिरड्याही पिवळ्या. कडक कावीळ. आणि त्याच्या नाकापासून चार बोटांवर करवंटीत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा एक तुकडा. पाणी तापवायच्या चुलीवरच भाजलेला. तुकडा अखंड होता, एक दातसुद्धा लागलेला नव्हता. डोळे असलेल्या डॉक्टरानं त्या तुकड्यावरून ओळखलं असतं की हा प्राणी खाण्याच्या पलीकडे गेलाय, आता याच्या पोटात काहीतरी जबरदस्तीनं गेलं पाहिजे, आज, आत्ता. मी त्या तुकड्यात चोरीचा मुद्देमाल बघितला.

आक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. कालच दिला, एकच दिला, त्यानं हुंगला आणि तोंड फिरवलं, असं त्या सांगत होत्या. हळू आवाजात, पुन्हा पुन्हा तेच. मला ते ऐकायचंच नव्हतं. उपासानंतर रिकाम्या पोटी खारट मासा, यकृत बिघडणार नाही तर काय, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. माझ्या उपायात खोट असेल हे मनाला शिवलंसुद्धा नाही. तात्यांच्या समोर मी त्यांना म्हटलं, “आक्का, हा उपासानं मरत नाहीये. तुमच्या मायेनं मरतोय. खोटं बोलायची सवय एवढी बरी नव्हे.”

साठीची बाई. माझ्या आईच्या वयाची.

आणि मग मी काय केलं? कावीळ झालेल्या माणसाला जे सांगतात तेच. मासे बंद, तूप-तेल बंद, नुसतं ग्लुकोजचं पाणी. कातडीखाली सलाईन दिलं, लिव्हरचं इंजेक्शन टोचलं, तेही म्हशीच्या बाटलीतलं, अंदाजानं. बाळा दोन दिवसांनी मला चाचरत म्हणाला की पेज करून पिचकारीनं तोंडात सोडूया का. मी म्हटलं, बाळा, गप्प बस. त्या माणसानं मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी त्याला गप्प बसवलं, हे इथं लिहून ठेवतो.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी मामलेदार गेला. मागच्या परसात माडाच्या मुळाशी त्याला पुरला. गावात लोक नारळ घेऊन समुद्राकडे निघालेले, ढोल वाजत होते. तात्यांनी त्याच आठवड्यात उरलेली पाच मांजरं दोन गोणपाटांत भरली आणि रिक्षात घालून मिरकरवाड्याच्या बंदरात सोडून दिली. म्हणाले, हातात जनावर द्यायच्या लायकीची ही नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. मला हे महिनाभरानं बाजारात कुणीतरी सांगितलं. आक्कांनी विरोध केला का, म्हणून मी विचारलं. नाही, गप्प उभ्या होत्या म्हणे. मी मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. होय, हेच शब्द मनात आले, आता बदलून काय उपयोग.

दोन वर्षांनी खात्यानं आम्हाला मुंबईत उजळणी वर्गाला पाठवलं. पंधरा दिवस फुकट चहा, बटाटेवडे आणि पंख्याखाली झोप. असले वर्ग कशासाठी असतात ते सगळ्यांना माहीत असतं. एका दुपारी तिथले एक प्राध्यापक लहान जनावरांवर बोलत होते. निम्मा वर्ग पेंगत होता, मीही. बोलता बोलता ते म्हणाले, लठ्ठ मांजराला कधीही उपाशी ठेवू नका. चार-पाच दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगावरची चरबी सुटून यकृतात जाऊन भरते, मांजर पिवळं पडतं, खायचं सोडतं आणि मरतं. वाचवायचं असेल तर उपाय एकच, जबरदस्तीनं खाऊ घालणं. बस, एवढंच. पुढची स्लाइड गाईच्या खुरांची होती.

माझी झोप उडाली. शेजारचा साताऱ्याकडचा डॉक्टर मला विचारत होता, घाम का आलाय. माझ्या डोळ्यांपुढे तो बांगड्याचा अखंड तुकडा होता.

रत्नागिरीला परतल्यावर आठ दिवस मी टाळलं. मग एका रविवारी गेलो. कबूल करायचं, तात्यांच्या समोर करायचं, एवढं ठरवून गेलो होतो, कारण बोललो होतो तेही त्यांच्या समोरच. वाटेत मला स्वतःबद्दल जरा बरंच वाटायला लागलं होतं, हेही सांगून टाकतो. चूक मान्य करणारा डॉक्टर! किती जण असतात असे?

तात्या पडवीत पेपर वाचत होते. घरात एकही मांजर नव्हतं. आक्कांनी चहा आणून ठेवला आणि त्या आत वळल्या, तेव्हा मी त्यांना थांबा म्हटलं. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बोका तुमच्या बांगड्यानं गेला नाही, माझ्या उपासानं गेला. मी चुकलो आणि खोटेपणाचा आळ तुमच्यावर घातला. तुम्ही खरं बोलत होतात.

तात्यांनी पेपराची घडी घातली. “जाऊ द्या हो डॉक्टर, मांजरच ते,” म्हणाले. याच माणसाच्या हातून मामलेदार रोज सुरमई खात होता.

मला वाटलं, आक्का रडतील, किंवा रागावतील. मी दोन्हींची तयारी ठेवली होती. त्यांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे बांगडा आधी दिला असता तर?”

मी म्हटलं, “तर जगला असता.”

“पहिल्याच दिवशी घेतलेला मी भाजायला,” त्या म्हणाल्या. “तो दारावर पंजे मारीत होता. मग तुमचा शब्द आठवला नि डब्यात परत टाकला. पाच दिवस रोज डब्याशी जात होत्ये नि हात मागे घेत होत्ये.”

मी काहीतरी बोलायला गेलो, त्यांनी हातानं थांबवलं.

“दोन वर्षं मला वाटत होतं, मी दिला म्हणून गेला. आता तुम्ही सांगताय, दिला नाय म्हणून गेला. डॉक्टर, ह्यातलं मी कुठलं घेऊन बसू?”

त्यांनी माझा अर्धा राहिलेला कप उचलला आणि त्या आत गेल्या.